काच लावली की चित्र खुलतं

६ फेब्रुवारी

दादा,

पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि ऐकू आलेलं निम्मं तू मनावर घेत नाहीस. कागदावर तरी तुझी सुटका नाही.

तुला न विचारता एक उद्योग केलाय. आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रेखाटनाची कार्यशाळा सुरू झाली आहे. बारा आठवडे, सोमवार आणि गुरुवार. मी नाव घातलं. सत्तावन्नाव्या वर्षी पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत. एकदा पोटभर हसून घे आणि मग पुढे वाच.

शिकवणारी बाई माझ्या लेकीच्या वयाची आहे. दारातच बिस्किटांचा रिकामा डबा ठेवते. आत शिरताना खोडरबर त्यात टाकायचं, जाताना परत घ्यायचं. चुकलेली रेघ पुसायची नाही, तिच्या शेजारी बरोबर रेघ काढायची. पहिल्या दिवशी तिने आम्हाला आपापला एक बूट टेबलावर ठेवायला लावला. नजर बुटावर ठेवा म्हणाली, कागदाकडे बघायचं नाही, हात चालू द्या. माझा बूट कुत्र्याने चघळल्यासारखा आला. शेजारी एक निवृत्त बसचालक बसतात, त्यांचा निदान बूट वाटत होता.

दुसऱ्या वेळी प्रत्येकाने आपली चित्रं दाखवायची होती. मी माझी रंगीत नेली, नदीची, बागेची, धक्क्यावरची. तीस वर्षं कपबश्यांच्या कारखान्यात फुलं रंगवली आणि आता ही चित्रं करते, चार घरांच्या भिंतींवर लागलीही आहेत, हे जरा मान ताठ करूनच सांगितलं. बाईने रंगांना नाव ठेवलं नाही. फक्त विचारलं, बाकं आहेत, होड्या आहेत, माणसं कुठे गेली? मी म्हटलं, जेवायला गेली असतील. वर्ग हसला, मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र डोकं तापलं होतं. माणूस काढायला घेतला की माझा हात आखडतो, कलाशाळेच्या त्या परीक्षेपासून आखडतो, हे काय आता तिला सांगत बसू?

म्हणून रोज वीस हात काढते. डावा काढतो, उजवा समोर बसतो. सकाळचा चहा झाला की वीस, बाकी काही झालं तरी.

येत्या गुरुवारी आपल्याजवळचं स्वतःचं सगळ्यात जुनं चित्र आणायचं आहे. माझं ठरलंय. आईचं. दुसरं माझ्याकडे दाखवण्यासारखं आहे तरी काय.

वहिनीची गुडघेदुखी कशी आहे ते कळव. तू कळवणार नाहीस, तिलाच सांग लिहायला.

चिंगी

११ फेब्रुवारी

चिंगे,

हसलो नाही. संतापलो. पत्र वाचताना माझं तोंड बघून तुझ्या वहिनीने विचारलं, कोण गेलं?

खोडरबर डब्यात टाकून घेते म्हणजे काय? उद्या न्हाव्याकडून वस्तरा काढून घेईल. मी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या लिहितोय. ‘गादी भांडार’ऐवजी चुकून ‘गाधी’ झालं आणि न पुसता शेजारी बरोबर ‘गादी’ काढून ठेवली, तर गिऱ्हाईक मला शिडीसकट खाली ओढेल. चूक पुसण्यासाठीच असते. शिकलेल्या बायकांना हे कोणी सांगायचं?

तुझ्या हाताला वळण मी लावलंय. तू सहा वर्षांची होतीस, जिभेचं टोक बाहेर काढून बसायचीस, तेव्हा तुझं मनगट धरून कडा गिरवून घेतल्या. आधी कड, मग आतलं. आता कालची पोर येऊन सांगणार की बुटाकडे बघा आणि कागद सोडून द्या. आंधळेपणाची शिकवणी लावलीस की काय?

माणसंच काढायची असतील तर सोपं आहे. चांगला फोटो घे, त्यावर चौकटी आख, तेवढ्याच कागदावर आख आणि एकेक चौकट उतरव. माणसाचा चेहरा म्हणजे चोवीस चौकटी. मी डॉक्टर काढले, पुढारी काढले, अंगमेहनतीने पिळदार झालेला एक पैलवान काढला. एकानेही तक्रार केली नाही. पैलवानाने तर मिठी मारली, दोन दिवस बरगडी दुखत होती.

आणि एक. आईचं चित्र नेऊ नकोस. चौकट जुनी आहे, मागचे खिळे सुटत आले असतील, बसमध्ये धक्का लागला की काच खळ्ळकन. ते भिंतीवरून हलवायची वस्तू नाही. त्यापेक्षा तू शाळेत असताना काढलेली ती किटली ने. किटली उत्तम आहे. आणि ते वीस हात मला पाठव, लाल पेन्सिलने दुरुस्त करून परत पाठवतो.

वहिनीचा गुडघा आहे तिथेच आहे.

दादा

१५ फेब्रुवारी

दादा,

किटली नेली नाही.

आईचं चित्र शालीत गुंडाळून, मांडीवर धरून नेलं. काच शाबूत आहे. वर्गात भिंतीशी एक लांब फळी आहे, तिच्यावर सगळ्यांनी आपापली चित्रं मांडली. बसचालकांची लहानपणची मोटार होती, तिला सात चाकं. माझ्या चित्रापाशी सगळे थांबले. आई शिवणयंत्रावर वाकलेली, पायाशी कापडाचा ढीग, मान वर करून समोर बघते आहे आणि गालात हसते आहे. मी सांगितलं, सोळाव्या वर्षी काढलं, जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत पहिलं आलं. बसचालक म्हणाले, मग आमच्यात कशाला आलात?

बाई मात्र वाकून बघत राहिली. नाक काचेला टेकेल इतकी. मग सहज म्हणाली, "छान जमलंय दोघांचं. दुसरं कोण होतं?"

मी म्हटलं, दुसरं कोणी नाही.

तिने माझी हातांची वही मागितली आणि चित्राशेजारी धरली. छाया भरताना आपण तिरक्या रेघा मारतो ना, त्या बघायला सांगितल्या. मी डावखुरी. माझ्या रेघा डावीकडून सुरू होऊन उजवीकडे खाली उतरतात, सगळ्या डावखुऱ्यांच्या तशाच उतरतात. चित्रातला कापडाचा ढीग तसा आहे. यंत्र तसं, आईची पाठ तशी. पण कपाळ, गाल, हनुवटी आणि कापड धरलेला हात, इथे रेघा उलट्या आहेत. उजवीकडून डावीकडे उतरलेल्या. बाई म्हणाली, "हा उजव्या हाताचा माणूस आहे, आणि चांगला सफाईदार आहे. इथला कागद बघा, सोललेला आहे. आधीचं काहीतरी पुसलंय." तिला वाटलं ती मला एक गंमत दाखवते आहे.

चाळीस वर्षं ते चित्र माझ्या टेबलासमोर आहे. मी त्याची धूळ पुसते. मला दिसलं नाही.

आपल्या घरात उजव्या हातात पेन्सिल धरणारा माणूस एकच होता. आईच्या चेहऱ्याला तू हात लावलास का? हो की नाही, एवढंच लिही. खिळे, बस, किटली, काही नको.

चिंगी

२० फेब्रुवारी

चिंगे,

तुझ्या त्या बाईला पोलिसांत घ्या म्हणावं. रेघ बघून माणसाचा हात सांगते, उद्या सांडलेला चहा बघून कोणी सांडला ते सांगेल.

बरं, लावला. जरासा हात फिरवला. एवढं आकाश कोसळायला काय झालं? तू तापाने फणफणली होतीस, चित्र मढवून आणायला माझ्याकडे दिलंस, स्पर्धा दोन दिवसांवर. थोडी छाया खाली-वर झाली होती, ती सारखी केली. थोरला भाऊ असतो कशाला? तुझं नाक मी पुसलं, दप्तर मी भरलं, सायकलवरून पडलीस तेव्हा गुडघ्यातले खडे मी काढले. त्यातलंच हे एक. पाठ तुझी, यंत्र तुझं, कापड तुझं. मी फक्त चवीपुरतं मीठ घातलं. परीक्षक कसे असतात तुला ठाऊक नाही, रागीट तोंडाला कोणी पहिलं बक्षीस देत नाही.

तुला वर्गात कोणी लबाड म्हटलं का? तसं असेल तर स्पष्ट सांग. मी बाईला सरळ पत्र लिहितो, दोष माझा आहे म्हणून. त्या बसचालकालाही लिहितो. माझ्या बहिणीला कोणी बोललेलं मला खपत नाही.

दादा

२५ फेब्रुवारी

दादा,

मला कोणीही काही बोललेलं नाही. बसचालकांनी मला त्यांच्या डब्यातलं अर्धं सफरचंद दिलं. बोलायचं आहे ते मला, आणि तुझ्याशी.

"रागीट तोंडाला कोणी बक्षीस देत नाही." हे तू लिहून गेलास आणि तुला कळलंही नाही.

पत्र वाचलं आणि चित्र चौकटीतून बाहेर काढलं. खिळे सुटलेले नव्हते, पक्कड लागली. कागद खिडकीशी नेला आणि डोळ्यांच्या पातळीला आडवा धरला. पेन्सिल पुसली तरी तिची खाच उरते, तू मला लहानपणी सांगितलं होतंस. उरली आहे. आईच्या भुवया खाली आहेत, एकमेकींकडे ओढलेल्या. तोंडाची रेघ सरळ आहे, शिवणीसारखी घट्ट. हसू नाही. नव्हतंच. ती रागावलेली होती आणि मी तिला रागावलेली काढली होती. सोळाव्या वर्षी मला रागावलेलं माणूस काढता येत होतं.

तू मढवून आणलंस तेव्हा मी म्हटलं होतं, दादा, हे वेगळंच दिसतंय. तू म्हणालास, काच लावली की चित्र खुलतं. मी मान डोलावली. तू सांगशील ते मला तेव्हा खरं वाटायचं. आईचा एकटीचा फोटो आपल्याकडे एकही नाही. ती गेल्यापासून मला ती आठवते ती याच चित्रातली. माझ्या लेकीला मी सांगत आले, तुझी आजी हसतमुख होती.

आता परीक्षेचं ऐक. घरी मी एवढंच सांगितलं होतं की बक्षिसाच्या चित्राशी माझा हात जुळला नाही म्हणून घेतलं नाही. मोठी खोली होती, मध्ये स्टुलावर एक म्हातारा हमाल बसवला होता, तीन तासांत त्याला काढायचं. मी काढला. परीक्षकांनी माझं बक्षिसाचं चित्र आधीच मागवून घेतलं होतं, ते माझ्या कागदाशेजारी ठेवलं. म्हणाले, ही दोन्ही एका हाताची नाहीत, पहिलं कोणी काढलं? मी म्हटलं, मीच. ते म्हणाले, खरं सांग. मी आईची शपथ घेतली. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मग मुली, एक तर तू खोटं बोलतेस, नाही तर तुझा हात गेला." मी खोटं बोलत नव्हते. म्हणून दुसरं खरं मानलं.

चाळीस वर्षं मानलं, दादा.

त्या संध्याकाळी बाबा जेवताना म्हणाले, बक्षीस म्हणजे लॉटरी असते, एकदाच लागते. तू माझ्या समोर बसला होतास. ताटातून मान वर केली नाहीस. चेहऱ्याला हात लावलास ते एक. पण तेव्हा एक वाक्य बोलायचं होतंस, फक्त एक. मी दुसऱ्या वर्षी परत बसले असते परीक्षेला. त्याऐवजी कारखान्यात गेले आणि दुसऱ्याने कापलेल्या साच्यातून गुलाब भरले.

हाताला वळण लावलं म्हणतोस. तू माझा रस्ताच वळवलास.

चवीपुरतं मीठ वगैरे मला नको. काय पुसलंस, त्या जागी काय काढलंस आणि का, रेघ न् रेघ लिही. लिहिणार नसशील तर वहिनीच्या गुडघ्याचंही कळवू नकोस.

चिंगी

१२ मार्च

चिंगी,

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. तुम्हा बहीण-भावांत काय बिनसलंय ते मला कोणी सांगत नाही. तुझं पत्र आलं की हे ते न्हाणीघरात नेऊन वाचतात आणि बाहेर येतात ते कोरडेच.

पंधरा दिवस झाले, घरात बोलणं नाही. दाताच्या डॉक्टरांची पाटी लिहायला घेतली होती, ‘दंतवैद्य’ऐवजी ‘दंगवैद्य’ लिहून आले. डॉक्टर भले गृहस्थ, चहा पाजून परत पाठवलं. आणि आता नवीनच खूळ. दुकानातून आले की डाव्या हातात पेन्सिल धरून रेघा मारत बसतात. त्या हाताने यांना चहाचा कप धरता येत नाही. मी विचारलं तर म्हणाले, एका बाईला खोटं पाडायचंय. कोण बाई, काय बाई, मी काय समजायचं? परवा पेन्सिल भिंतीवर फेकली आणि म्हणाले, नाही येत उलटी रेघ, ती खरं बोलते.

मी त्यांची बाजू घेत नाही. त्यांची चूक असेलच, संसारात मी ती पुष्कळ पाहिली. पण पंधरा दिवसांत त्यांनी माझ्या स्वयंपाकाला एकदाही नाव ठेवलेलं नाही, म्हणजे दुखणं मोठं आहे. मला काही सांगू नकोस. पण त्यांना गप्प बसू देऊ नकोस. या माणसाला गप्प बसायची जागा मिळाली की तो तिथे बिऱ्हाड करतो.

गुडघा बरा आहे.

वहिनी

१६ मार्च

दादा,

लिही.

चिंगी

२० मार्च

चिंगे,

लिहितो. मधे मधे राग येईल, तो कोणावर ते विचारू नकोस, मलाही धड सांगता येणार नाही.

आधी रेघा. दोन्ही भुवया पुसल्या आणि वर उचलून काढल्या. तोंडाची रेघ पुसली, दोन्ही कोपरे वर नेले, अगदी किंचित. तेवढ्याने माणूस बदलतं. गालाखाली छाया घातली म्हणजे हसू बसतं. उजव्या हाताची तू मूठ काढली होतीस, कापड आवळून धरलेली. मी बोटं सैल केली. डोळेही पुसणार होतो. जमेना. एका डोळ्याच्या कडेला सुरुवात केली आणि थांबलो. डोळे तुझेच आहेत. त्या चित्रात आई तोंडाने हसते आणि डोळ्यांनी हसत नाही ते त्यामुळे. स्पर्धेत लोक म्हणत होते, चेहऱ्यात काय खोली आहे. खोली कसली, दोन माणसांचं भांडण आहे ते.

आता का. मागच्या पत्रात परीक्षकांचं कारण दिलं ते खोटं होतं.

त्या दिवशी तू जमिनीवर बसून काढत होतीस. मी दारात आलो आणि आईला सांगितलं की पाणीपुरवठ्याच्या कचेरीतली नोकरी सोडली, उद्यापासून पाट्या आणि चौकटींच्या दुकानात शिकायला जातो. बाबांनी त्या नोकरीसाठी किती उंबरे झिजवले होते ते तुला ठाऊक आहे. आईने यंत्र थांबवलं. कापड मुठीत धरलं. मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बोलली काही नाही. तू कागदात इतकी बुडाली होतीस की माझं बोलणं तुझ्या कानावरही गेलं नाही, काढत राहिलीस. तुला वाटलं ती तुझ्यासाठी स्थिर बसली आहे.

आणि तू ते जसंच्या तसं काढलंस. आठवड्याने दुकानात मी काच कापायला कागद टेबलावर पसरला आणि आई माझ्याकडे बघायला लागली. मी डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो, बघतच होती. हे घरात भिंतीवर लागणार आणि मी त्याच्यासमोर बसून रोज दोन वेळा जेवणार? मला सोसलं नाही. दुपारी मालक घरी गेले होते. तासाभरात पुसलं, तासाभरात काढलं. तुझ्या बक्षिसाचा विचार तेव्हा माझ्या मनात नव्हता. तो मी नंतर घातला, स्वतःला सांगण्यासाठी.

मग बक्षीस लागलं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. खरं सांगायचं तर मला आतून चीड आली. लोक ज्या हसण्याला वाखाणत होते ते माझं होतं आणि मला ते सांगता येत नव्हतं. तेवढा एक दिवस मी चित्रकार होतो. पुढे जन्मभर पाटीवाला.

आईने ते चित्र एकदाच नीट बघितलं. म्हणाली, बाई चांगली आहे, कोण आहे? तू हसलीस, तुला विनोद वाटला. माझ्याकडे बघून ती पुढे काही बोलली नाही.

बाबा लॉटरीचं बोलले तेव्हा मी घास चावत होतो. सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, नोकरी सोडून हेच धंदे करतोस, बहिणीचंही वाटोळं केलंस. मी भ्यालो. उद्या सांगू म्हटलं. मग तू कारखान्यात लागलीस, घरात सगळे खूष दिसले, मला वाटलं मिटलं. मिटलं नव्हतं, मी पुसलं होतं.

माफीची पाटी लिहायची असती तर ठसठशीत लिहून दिली असती. पत्रात मला येत नाही.

दादा

२६ मार्च

दादा,

तीनदा वाचलं. राग गेलेला नाही. उलट त्याला आता नेमका पत्ता मिळाला आहे. आजवर मी तो माझ्याच हातावर काढत आले.

डोळे माझे होते, हे तू एका ओळीत सांगून मोकळा झालास. ती ओळ त्या परीक्षकांच्या टेबलावर असायला हवी होती. भ्यालास म्हणतोस. मीही भ्याले होते, दादा. मी सोळा-सतरा वर्षांची होते आणि तुझ्या भीतीचं भाडं मी भरलं. माफीचं पुढे बघू. सध्या माझ्याकडे तिला ठेवायला जागा नाही.

सोमवारी बसचालक स्वतः मधल्या स्टुलावर बसले. एकेक बैठक दोन मिनिटांची, अशा पंचवीस. बाई म्हणाली, चेहरा सैल सोडा, थोडं हसा हवं तर. ते म्हणाले, तीस वर्षं सायकलवाल्यांच्या मागे गाडी चालवली, चेहरा आता याच्याहून सैल होत नाही. मी काढायला लागले. हात आखडला. आखडू दे म्हटलं आणि नजर त्यांच्यावरच ठेवली. कान फार खाली गेला, शेजारी दुसरा काढला, तो वर गेला, तिसरा बसला. माणसाला तीन कान झाले, पण माणूस तोच होता. त्यांनी बघून विचारलं, एवढा वैतागलेला दिसतो मी? त्यांची बायको न्यायला आली होती, ती म्हणाली, अगदी असेच दिसता.

त्या परीक्षेनंतर काढलेला हा माझा पहिला माणूस. मी वर्गात रडले नाही, जिन्यात रडले, आणि त्याचाही राग आला.

आता आईला परत काढणार आहे. जुन्या कागदावरचं तुझं हसू खरवडणार नाही, ते राहू दे तिथे. वेगळ्या कागदावर काढेन. तू फोटो, चौकटी, सल्ला, लाल पेन्सिल, काही पाठवू नकोस. एकच विचारते, कारण तिची नजर कुठे होती ते मला लागणार आहे. तू दारात नेमका कुठे उभा होतास?

चिंगी

३१ मार्च

चिंगे,

उंबऱ्याच्या आत एक पाऊल. तुझ्या उजव्या खांद्याच्या मागे. चपला हातात होत्या, पळायची तयारी म्हणून.

दादा

२९ एप्रिल

दादा,

सोबत आहे. पुठ्ठ्यात घालून पाठवते, दुमडू नकोस. काच लावलेली नाही आणि तू लावायची नाही.

हे एकतिसावं. आधीच्या काहींत ती माझ्यासारखी झाली, काहींत बसचालकांसारखी. मी रोज सकाळी चहा झाला की जुना कागद खिडकीशी आडवा धरायची, खाचा बघायची, मग तो उलटा ठेवून द्यायची आणि काढायची. एके दिवशी मूठ आधी आली. मुठीवरून खांदा, खांद्यावरून मान, आणि चेहरा आपोआप मागे आला.

लेकीने बघितलं. म्हणाली, आजी एवढी चिडायची? म्हटलं, हो, आणि बहुतेक वेळा कारण असायचं.

कार्यशाळा संपली. आम्ही सातजण सोमवार-गुरुवार चालू ठेवणार आहोत. बसचालकांचं गॅरेज मोकळं आहे.

चुका मला दिसतात. मोजून कळवू नकोस.

चिंगी

५ मे

चिंगे,

पाकीट दुकानावर आलं. मी एका चष्मेवाल्याची पाटी रंगवत शिडीवर होतो. चष्मेवाला खाली उभा राहून काना-मात्रा शिकवत होता, तेवढ्यात टपालवाल्याने हाक मारली. उतरलो, हात पुसले, पुठ्ठा उघडला.

खरं लिहितो. जन्माची खोड, आधी चुकाच बघायला गेलो. हनुवटी जाड आहे. यंत्राचं चाक अंड्यासारखं झालंय, आणि एक खांदा घसरला आहे. पेन्सिल कानावर होतीच, हात शिवशिवला. मग नजर वर गेली आणि तिने मला धरलं.

मी डावीकडे सरकलो. उजवीकडे सरकलो. शिडीच्या मागे गेलो.

चिंगे, त्रेसष्ट वर्षांचा माणूस मी, भर बाजारात, गिऱ्हाईक समोर उभं, टपालवाला सही घ्यायला थांबलेला, आणि माझ्या तोंडून मोठ्याने गेलं, "आई, मी नाही केलं."

दादा